काडीकिडा वाढवताना: सगळा खेळ कात टाकण्याचा

काडीकिडा म्हणजे सुक्या काडीसारखा दिसणारा कीटक. त्याची पाळलेली पिल्लं अनेकदा कात टाकताना अडकून मरतात. त्यामुळे खोका निवडताना आधी उंची बघावी.

ही माहिती कॅरॉशियस मोरोसस या भारतीय काडीकिड्याची आहे. तो मूळचा तमिळनाडूच्या डोंगरांतला, पण शंभरहून अधिक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत आणि शाळांत वाढवला जातो. मादी साधारण ८ सेंमी लांब असते. नर फार क्वचित सापडतो आणि मादी नराविनाच अंडी घालते, त्यामुळे एकच किडा आणला तरी वंश चालू राहतो.

कात टाकताना पिल्लू फांदीला उलटं लटकतं आणि जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर येतं. खाली मोकळी जागा नसेल तर ओलं, मऊ अंग तळाला टेकून वाकडं होतं आणि तसंच कडक होतं. खोक्याची उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवीच. ४० सेंमी असेल तर उत्तम. एका बाजूला बारीक जाळी लावावी, पण भोकं १ मिमीपेक्षा मोठी नकोत, नवी पिल्लं निसटतात. हवा कोरडी असेल तर जुनी कातडी पायाला चिकटते. म्हणून रोज संध्याकाळी पानांवर बारीक फवारा मारावा. पिल्लं तेच थेंब पितात. सकाळपर्यंत पानं सुकली पाहिजेत, नाहीतर बुरशी धरते. अडकलेलं पिल्लू ओढून काढू नये, पाय तुटतो. तुटलाच तर पुढच्या एक-दोन कातींत आखूड का होईना, परत येतो. प्रौढाचा मात्र येत नाही, कारण त्याची कात टाकणं संपलेलं असतं. टाकलेली कातडी पिल्लू स्वतःच खातं, ती उचलू नये.

खायला गुलाबाची पानं चालतात. फुलवाल्याकडची नकोत, त्यांवर कीटकनाशक असतं आणि एका रात्रीत सगळी पिल्लं जाऊ शकतात. परदेशात राहणाऱ्यांना आयव्ही (एक वेल), प्रिव्हेट (कुंपणाचं झुडूप) किंवा रानटी ब्लॅकबेरी सहज मिळते. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवून बाटलीचं तोंड कापसाने बंद करावं. उघडं राहिलं तर पिल्लं बुडतात. पहिल्या आठवड्यात पानांच्या कडा कात्रीने कापाव्यात, कोवळ्या तोंडांना चावा घेणं सोपं जातं.

तापमान २० ते २५ अंश असावं. विदर्भाच्या उन्हाळ्यात खोका घरातल्या सर्वांत गार, सावलीच्या खोलीत ठेवावा. खिडकीतल्या थेट उन्हात काचेचा खोका भट्टी होतो.

अंडी तळाशी पडतात: साधारण २ मिमी, तपकिरी, टोकाला फिकट गाठ. विष्ठेतून वेचून ती किंचित ओलसर वाळूवर झाकणाच्या डबीत ठेवावीत, झाकणाला भोकं हवीत. सुमारे २० अंशांना ४ महिन्यांच्या आसपास पिल्लं निघतात. पुढे साधारण ६ वेळा कात टाकून ५-६ महिन्यांत ती प्रौढ होतात.

एक मादी शेकडो अंडी घालते. नको असलेली अंडी बागेत किंवा कचऱ्यात टाकू नयेत. पाळलेल्यांतून सुटलेला हाच किडा कॅलिफोर्नियात बागांमध्ये स्थिरावला आहे. ती डबीत बंद करून २-३ दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत, मगच फेकावीत.