वॉफल आणि आइस्क्रीम घरी करताना या चुका टाळा

इंदूरमध्ये सकाळी पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते आणि खालून सतत मिळणाऱ्या त्या वाफेमुळेच पोहे तासन्‌तास मऊ राहतात. आपल्या मराठी घरांतही पोहे असोत, उपमा असो वा कोबीची भाजी, झाकण घालून ‘एक वाफ काढणे’ हे हाताला इतके सवयीचे झालेले असते की त्यामागे विचार उरत नाही. पोळी तर कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. वॉफल, म्हणजे दोन तापलेल्या पत्र्यांमधील चौकटीदार साच्यात भाजलेला कुरकुरीत पदार्थ, करताना नेमकी हीच सवय आड येते. माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा वॉफल झाली, तेव्हा पाहुणे येण्याआधी सहा वॉफल भाजून मी ती पोळ्यांच्या डब्यात नीट रचून ठेवली होती आणि जेवणानंतर आइस्क्रीमसाठी डबा उघडला तेव्हा आतून लादीपावाच्या ओल्या लाद्या निघाल्या. पाककृती बरोबर होती, यंत्रही नवे होते. चूक झाकणाची होती.

त्यानंतर जे जे बिघडले, त्याचा माग काढताना बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन पोहोचले: पाणी जिथून बाहेर पडायला हवे होते, तिथून ते पडले नव्हते, किंवा बाहेर पडलेले पाणी आपणच परत आत घातले होते. वॉफलच्या साच्यातील खोल चौकटी शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे पिठाचा तापलेल्या धातूशी संपर्क वाढतो, पृष्ठभागावरचे पाणी वेगाने उडून जाते आणि मगच तिथे तांबूस, खमंग कवच तयार होते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारसे वर जात नाही, आणि तोपर्यंत रंगही येत नाही.

पिठातच झालेल्या चुका

मध्यम आकाराच्या तीन-चार वॉफलसाठी १ कप मैदा, २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, २ लहान चमचे बेकिंग पावडर, १ मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ, १ अंडे, पाऊण कप ते १ कप दूध आणि पाव कप तेल किंवा पातळ तूप हे प्रमाण मला भरवशाचे वाटते. स्निग्धांश एवढा कशाला, असे म्हणून अनेक जण तो निम्म्यावर आणतात आणि मग वॉफल चिकटते म्हणून यंत्राला नावे ठेवतात. चकलीच्या पिठात मोहन कमी पडले तर चकली दाताला लागते हे आपल्याला मान्य असते; वॉफललाही तोच न्याय लावावा. लोण्याऐवजी तूप घेण्यात आणखी एक फायदा आहे. बाजारातील लोण्यात सुमारे १६ टक्क्यांपर्यंत पाणी असू शकते, तर नीट कढवलेल्या तुपात ते जवळजवळ नसते. मात्र इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीत फ्रिजमधील दुधात पातळ तूप ओतले की त्याच्या बारीक गुठळ्या होतात आणि मिश्रणात काही ठिकाणी तूपच तूप, तर काही ठिकाणी कोरडे पीठ अशी अवस्था होते. म्हणून दूध कोमट असावे, किंवा थंडीत सरळ तेल वापरावे.

साखर वाढवण्याचा मोह तर हमखास होतो, कारण यंत्रातून येणारा पहिला सुगंध साखरेचाच असतो. जास्त साखर लवकर करपते, त्यामुळे आतील भाग ओला असतानाच बाहेरून वॉफल झाल्यासारखे दिसते. शिवाय साखर हवेतील ओलावा ओढून घेते आणि साच्याला चिकटते ती वेगळीच. गोडवा आइस्क्रीममधून येणारच आहे, तो पिठात दोनदा घालण्याचे कारण नाही.

मिश्रण फेटण्याबाबतची चूक आपल्याकडे विशेष दिसते, कारण भज्यांचे किंवा धिरड्यांचे पीठ जितके फेटावे तितके हलके होते असा अनुभव असतो. तो अनुभव खरा आहे, पण तो बेसनाचा आहे. बेसनात ग्लुटेन नसते. मैद्यात ते असते, आणि ओला मैदा जोराने घुसळला की त्याचे चिवट धागे तयार होऊन वॉफल रबरासारखे ओढावे लागते. कोरडे जिन्नस एकत्र चाळून घ्यावेत, ओले जिन्नस वेगळे फेटावेत, आणि दोन्ही एकत्र केल्यावर उलथन्याने दहा-बारा वेळाच हलक्या हाताने वरखाली करावे. लहान गुठळ्या राहिल्या तरी चालते. असे मिश्रण दहा मिनिटे बाजूला ठेवले की त्या गुठळ्या भिजून विरघळतात. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी मिसळल्यास जाळी सुंदर पडते, पण तो मिसळल्यानंतर थांबू नये.

अंडे न वापरणाऱ्या घरांत दूध-अंड्याऐवजी १ कप ताक आणि अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा घेतात. बेकिंग पावडर मग अर्धा चमचाच पुरते. इथे थांबण्याचा नियम उलटतो. बेकिंग पावडरचा मोठा भाग उष्णतेने जागा होतो, म्हणून ते मिश्रण थोडा वेळ धीर धरते. ताक आणि सोडा मात्र एकत्र येताच बुडबुडे सोडू लागतात, आणि अर्धा तास गप्पांत गेला तर साच्यात जाते ते निव्वळ चिवट पीठ. हलके व्हावे म्हणून सोडा वाढवणाऱ्यांच्या वॉफलला गडद रंग आणि साबणासारखी चव येते, जी कोणत्याही आइस्क्रीमने झाकत नाही.

माळव्यातील घरात शरबती गव्हाची कणीक असतेच, त्यामुळे मैदा पूर्ण काढून टाकून कणकेची वॉफल करावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. कणकेतील कोंडा पाणी जास्त शोषतो आणि सहजासहजी सोडत नाही. पूर्ण कणकेचे वॉफल म्हणून जड होते. निम्मा मैदा व निम्मी कणीक घेऊन कॉर्नफ्लोअरऐवजी तांदळाचे पीठ वापरले तर चवही राहते आणि कुरकुरीतपणाही. मिश्रण इडलीच्या पिठाइतके दाट असावे. घावनाइतके सरसरीत झाले की जास्तीचे पाणी उडवता उडवता वॉफल वाळून जाते.

साच्यावरील चुका, म्हणजे मुख्यतः घाई

यंत्रावरचा हिरवा दिवा वॉफल झाल्याची खूण आहे हा समज इतका पक्का आहे की सुरुवातीला मीही त्यावरच विसंबून होते. बहुतेक यंत्रांत तो दिवा पत्रे ठरलेल्या तापमानाला पोहोचले एवढेच सांगतो; आतल्या पिठाचे काय झाले हे त्याला कळत नाही. खरी खूण वाफेची. पीठ घातल्यावर कडांमधून वाफेचा जोरदार लोट निघतो, तो हळूहळू विरळ होतो आणि जवळजवळ थांबतो, तेव्हा झाकण उचलायचे. घरगुती यंत्रात याला साधारण चार ते सहा मिनिटे लागतात. दोन मिनिटांत डोकावून पाहणाऱ्याच्या हाती अर्धे वॉफल वरच्या पत्र्याला आणि अर्धे खालच्या पत्र्याला चिकटलेले येते. झाकण जड लागले तर ओढू नये. पुन्हा मिटून मिनिटभर थांबावे, पुष्कळदा ते आपोआप सुटते.

पत्रे पुरेसे तापण्याआधी पीठ ओतणे ही दुसरी घाई. दिवा पहिल्यांदा लागल्यावरही आणखी दोन-तीन मिनिटे रिकामे यंत्र मिटून तापू द्यावे. पहिल्या घावनासारखेच पहिले वॉफलही तव्याच्या, म्हणजे यंत्राच्या, नावाने सोडून द्यावे लागले तर वाईट वाटून घेऊ नये. पीठ साच्याच्या पाऊण भागापर्यंतच घालावे, ते पसरून कडेला जातेच. साच्याला तेल ब्रशने लावावे. फवारण्याच्या डब्यातील तेलात असणारे काही पदार्थ तापून चिकट थर धरतात, आणि काही महिन्यांनी न चिकटणारा साचाच चिकटू लागतो. चिकटलेला तुकडा सुरीने खरवडणे म्हणजे त्या लेपाला कायमचा ओरखडा देणे. लाकडी काडी किंवा ओलसर कापड पुरते, तेही यंत्र बंद करून, थोडे निवल्यावर.

गॅसवर ठेवायचा दोन झाकणांचा साचा ज्यांच्याकडे असतो, त्यांनी तो अर्ध्या वेळात उलटलाच पाहिजे. अमेरिकेतील ट्रॉय या शहरातील कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी २४ ऑगस्ट १८६९ रोजी पेटंट मिळवले ते चुलीवर सहज उलटता येणाऱ्या वॉफलच्या साच्याचेच, कारण उष्णता फक्त खालून मिळते हा प्रश्न तेव्हाही तोच होता.

यंत्राची खोली न पाहता पाककृती निवडण्याने होणारी फजिती थोडक्यात सांगते. बेल्जियममधील ब्रुसेल्सचे वॉफल पातळ, हलक्या मिश्रणाचे आणि खोल चौकटींचे असते. लिएजचे वॉफल यीस्ट घालून फुगवलेल्या, जाड साखरेचे खडे मिसळलेल्या कणकेसारख्या गोळ्याचे असते. लिएजची कृती पाहून तो गोळा उथळ चौकटींच्या स्वस्त यंत्रात दाबला तर साखर वितळून सांध्यात जाते आणि संध्याकाळ यंत्र घासण्यात जाते.

काढल्यापासून ताटलीपर्यंत

आता पोळीच्या डब्याकडे परत येते. यंत्रातून काढलेल्या वॉफलमधून काही मिनिटे वाफ निघतच असते. ते थंड स्टीलच्या ताटलीत ठेवले तर खाली पाण्याचे थेंब जमतात, एकावर एक रचले तर खालचे वरच्याला भिजवते, आणि झाकले तर सारेच संपले. लोखंडी जाळीवर, सुटे सुटे, उघड्यावर ठेवणे हाच उपाय आहे. माणसे जास्त असतील तर ओव्हन सुमारे १०० अंशांवर ठेवून जाळीसकट आत ठेवावीत. गरमही राहतात आणि कोरडीही. जुलै-ऑगस्टच्या पावसाळी हवेत उघड्यावरचे वॉफलही लवकर नरमते, तेव्हा ओव्हन नसेल तर एकेक भाजून एकेक वाढावे हे उत्तम.

आइस्क्रीम लगेच घालू नये. वाफाळत्या वॉफलवर गोळा ठेवला तर तो तळाकडून वितळतो, ते दूध चौकटींत साठते आणि दोन मिनिटांत सगळी मेहनत लापशीच्या वाटेला जाते. जाळीवर एक-दीड मिनिट थांबल्यास कवच घट्ट होते, तरी आतली ऊब राहते, आणि ऊन-थंड ही जोडी ज्यासाठी करायची तीही टिकते. आइस्क्रीम मात्र आधीच जरा सैल असावे. घरच्या फ्रीजरमध्ये ते सुमारे उणे १८ अंशांवर दगडासारखे असते. तो दगड दाबून बसवताना खालचे कवच मोडते. पाच-सात मिनिटे आधी बाहेर काढावे, पण अर्धवट वितळलेला डबा पुन्हा गोठवू नये, कारण त्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पुढच्या वेळी ते पाणीच वॉफलवर उतरते. गोळा काढण्याचा चमचा गरम पाण्यात बुडवावा हे सगळे सांगतात. तो पुसून कोरडा करावा हे फारसे कोणी सांगत नाही.

डबा विकत घेताना वेष्टन वाचावे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के असावा लागतो. ज्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेले असते त्यात वनस्पती तेलाचा स्निग्धांश असतो. कोणते घ्यावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, पण तुपातल्या वॉफलवर मला दुधाचेच आवडते. शंकूच्या आइस्क्रीममध्ये आतून चॉकलेटचा थर दिलेला असतो तो शंकू ओला होऊ नये म्हणून. वॉफलच्या चौकटींतही वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवून तो आळू दिला तर हीच युक्ती लागू पडते.

शंकूवरून आठवले. १९०४ च्या सेंट लुइस येथील जागतिक प्रदर्शनात जलाबिया नावाचा वॉफलसारखा पदार्थ विकणाऱ्याने तो गुंडाळून शेजारच्या आइस्क्रीमवाल्याला दिला आणि शंकू जन्माला आला, अशी एक लोकप्रिय कथा आहे. या श्रेयाचे दावेदार अनेक आहेत. जलाबिया आणि आपली जिलेबी या नावांचे मूळ मात्र एकच, आणि सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, हातभर जलेबा खाणाऱ्या इंदूरकराला ही सोयरीक आवडावी.

सराफ्याचीच आठवण ठेवून काही जण वॉफलवर रबडी ओततात. मालपुवा मुळातच पाकात मुरलेला असतो म्हणून त्याला रबडी शोभते. कुरकुरीत वॉफलला ती बुडवते. रबडी हवीच असेल तर वाटीत शेजारी द्यावी. चिरलेल्या आंब्यावर साखर भुरभुरली की तासाभरात त्याचा रस सुटतो, म्हणून फोडी चाळणीत निथळून, अगदी वाढताना घालाव्यात.

उरलेली वॉफल पूर्ण निवल्यावर, मध्ये कागद घालून, बंद पिशवीत फ्रीजरमध्ये ठेवावीत. मायक्रोवेव्हमध्ये ती चिवट होतात, कारण तिथे आतले पाणी वाफ होऊन कवचात शिरते. इंदूरचा गराडूवाला जसे आधी तळून ठेवलेले गराडू (एक प्रकारचा कंद) गिऱ्हाईक आल्यावर पुन्हा कढईत सोडतो, तसे वॉफल टोस्टरमध्ये किंवा मंद आचेवरच्या कोरड्या तव्यावर, झाकण न घालता, दोन्ही बाजूंनी पुन्हा भाजावे.