पेरणीच्या आधी कांस चालून बघा (वडोदरा, पादरा, करजण, डभोई पट्ट्यासाठी)

मंडळी, रोहिणी लागल्यात, थोड्याच दिवसांत मृग, आणि मग सगळे बियाणं, खत, ट्रॅक्टर यांच्या मागे धावणार, तेव्हा कुणी ऐकायचं नाही म्हणून आत्ताच लिहितोय. एकच विचारायचंय. तुमच्या शेताचं पाणी ज्या कांसेतून जातं, ती कांस या उन्हाळ्यात शेवटपर्यंत चालत जाऊन कुणी बघितली का? शेवटपर्यंत म्हणजे आपल्या शेढ्यापर्यंत (बांधापर्यंत) नाही, जिथे ती मोठ्या नाल्याला नाहीतर ढाढर नदीला मिळते तिथपर्यंत. (नवीन मंडळींसाठी: कांस म्हणजे आपला ओहोळ, पावसाचं पाणी वाहून नेणारा चर. इकडे सगळे कांसच म्हणतात, तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत.)

ऑगस्ट २०२४ मध्ये काय झालं ते शहरातल्यांना चांगलं आठवतंय. विश्वामित्री नदी काळ्या घोड्याला (वडोदऱ्यातला पूल, तिथे पातळी मोजतात) ३७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६. दांडिया बाजारात माझे नातेवाईक गच्चीवरून दूध ओढून घेत होते. पण मी तेव्हा पादऱ्याच्या खालच्या अंगाला शेतावर होतो. नदी तीन दिवसांत उतरली आणि शेतातलं पाणी मात्र सातव्या दिवशीही गुडघाभर! कपाशी अडीच महिन्यांची, खाली बोंडं लागलेली, पानं आधी मलूल झाली, मग काळी पडून लोंबायला लागली. सगळे म्हणत होते पुराने खाल्लं, पुराने खाल्लं. मला पटेना, कारण पलीकडच्या शेतातलं पाणी दोन दिवसांत गेलं होतं आणि ते शेत आमच्यापेक्षा वर नाही.

मग शेजारचे काका आणि मी कांसेच्या कडेने चालत निघालो. तिसऱ्या शेताच्या छेड्याखाली, म्हणजे ट्रॅक्टर जायला कुणीतरी माती टाकून केलेला रस्ता असतो ना, त्याखाली ९ इंची सिमेंटचा पाइप. मी हात घातला तर आत ड्रिपच्या जुन्या नळ्या, खताच्या गोण्या, मल्चिंगच्या प्लास्टिकचा गोळा, आणि त्यावर गाळ बसून बूच झालेलं. शंभर-सव्वाशे वीघ्यांचं पाणी त्या एका पाइपावर अडलं होतं. जेसीबी बोलावून छेडा फोडला, दोन तासांचं भाडं गेलं, आणि संध्याकाळपर्यंत शेतात चिखल दिसायला लागला. पण कपाशी मेली ती मेलीच. हेच काम मे महिन्यात दोन माणसं आणि दोन फावडी घेऊन अर्ध्या दिवसात झालं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं. गेल्या वीस वर्षांत आमच्या भागात पाण्याने गेलेली जेवढी पिकं मी जवळून बघितली त्यातली बरीचशी नदीने नाही, कांस बुजल्याने गेलीत.

कानमची (म्हणजे आपल्या या पट्ट्याची) काळी जमीन एकदा फुगली की पाणी खाली जातच नाही. कपाशी आणि तुरीच्या मुळांना हवा लागते, ४८ तासांच्या वर पाणी उभं राहिलं की मुळं गुदमरतात. गोराडू (हलक्या, वाळूमिश्रित) जमिनीत थोडी सवड मिळते पण तिथेही भाजीवाल्यांनी गाफील राहू नये.

आता पैशांचं बोलू, कारण सगळे म्हणतात कांस साफ करायचं काम सरकारचं. बरोबर आहे, पण सरकारचा पैसा कुठून कसा येतो ते माहीत नसेल तर तो आपल्या गावात येत नाही. २०२४ च्या पुरानंतर राज्य सरकारने विश्वामित्रीसाठी १२०० कोटींची योजना जाहीर केली, आणि २०२५ च्या पावसाळ्याआधी शहरातल्या सुमारे २४ किलोमीटरच्या पट्ट्यात गाळ काढून पात्र रुंद करायचं काम झालं. शहराला त्याची गरज होतीच. पण नदी शहरात रुंद केली तर तेच पाणी खाली जास्त वेगाने येणार, आणि खाली म्हणजे आपण. विश्वामित्री पिंगलवाड्याजवळ ढाढरला मिळते, वरून देव धरणाचं पाणीही ढाढरमध्येच. ढाढर भरलेली असली की कांसेचं पाणी घ्यायला तिच्यात जागा नसते, आणि ती उतरेल तेव्हा मिळतात फक्त थोडे तास, त्या तासांत आपलं शेत रिकामं झालं पाहिजे. हा माझा शेतावरून बांधलेला अंदाज आहे, इंजिनिअरचा रिपोर्ट नाही, पण यावर मी माझी कपाशी लावतो.

पूर आल्यावर मिळणारा पैसा आणि पूर कमी करायला मिळणारा पैसा ही दोन वेगळी खाती आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले, ८० टक्के मदतीला, २० टक्के आधीच्या उपायांना. मदतीचा पैसा आपण रांग लावून मागतो. आधीचा पैसा कुणी मागायलाच जात नाही. तो आराखड्यात नाव असेल त्याच कामाला मिळतो, आणि आराखड्यात नाव घालायला गावातून लेखी जावं लागतं.

गावातून मागायचे रस्ते मला माहीत आहेत ते असे. ग्रामपंचायतीचा वर्षाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून बनायला लागतो, त्यात कांसेचं नाव, लांबी, कुठून कुठे आणि किती गरनाळी (रस्त्याखालच्या मोऱ्या) रुंद करायची हे ठरावात लिहून घ्या, नुसतं "गटर सफाई" लिहिलं तर पैसा गावठाणातल्या गटारीत जातो. तालुक्याला एटीव्हीटीची (आपणो तालुको वायब्रंट तालुको योजना) ग्रँट असते, जिल्हा आयोजन (नियोजन) मंडळाची वेगळी. मोठी कांस असेल तर सिंचाई खात्याच्या ड्रेनेज विभागाला अर्ज. नर्मदेच्या मायनरखालचा (छोट्या कालव्याखालून पाणी पलीकडे नेणारा) सायफन तुंबला असेल तर तो नर्मदा निगमचा, तिथे पंचायतीला बोलून काही होत नाही. आणि सुजलाम सुफलाम जल अभियान २०१८ पासून दर उन्हाळ्यात चालतं, त्यात तलाव आणि कांस दोन्हीचा गाळ काढतात, तलावाची ती माती शेतात टाकायला मिळते, काळ्या जमिनीवाल्यांनी नको पण गोराडूवाल्यांनी जरूर न्यावी.

अर्ज देऊनही हलत नसेल तर तालुका स्वागतमध्ये (सरकारचा तक्रार निवारण कार्यक्रम) टाका, दर महिन्याच्या चौथ्या बुधवारी असतं, अर्ज १० तारखेपर्यंत द्यायचा. मी एकदा दिला होता, सोबत गाव नकाशाची नक्कल, त्यावर लाल पेनाने कांस आणि तुंबलेली तीन ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणचा फोटो ज्यात माणूस उभा आहे म्हणजे खोली कळते. साहेबांनी नकाशा बघितला आणि दोन गरनाळी त्याच उन्हाळ्यात साफ झाली. तिसरं राहिलं. नकाशाशिवाय गेलेले लोक तीन-तीन वर्षं जातायत.

आणि कुणी कांस नांगरून शेतात घेतली असेल किंवा माती टाकून अडवली असेल तर भांडण करत बसू नका. मामलतदार कोर्ट ॲक्ट १९०६ च्या कलम ५ खाली शेताचं नैसर्गिक पाणी अडवणारा अडथळा मामलतदार काढायला लावू शकतात. मुदत ६ महिन्यांची आहे अडथळा झाल्यापासून, ही मुदत लोक घालवतात. पण मी सांगतो, आधी त्या माणसाच्या घरी जा, चहा प्या, सगळ्या खातेदारांनी वर्गणी काढून ९ इंचाच्या जागी २४ इंची पाइप टाकायचं बोला. पाइपाचा व्यास दुप्पट केला तर पाणी चौपटीहून जास्त जातं, हे त्याला सांगा. आमच्याकडे असंच मिटलं, २०२५ मध्ये, चौदा घरांनी पैसे काढले.

आता नुकसान झालंच तर. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या नियमांत ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तरच मदत, कोरडवाहूला हेक्टरी ८५०० आणि बागायतीला १७०००, जास्तीत जास्त २ हेक्टर. २०२४ ला गुजरात सरकारने आपले पैसे घालून ते ११००० आणि २२००० केले, २० जिल्ह्यांसाठी १४१९ कोटींचं पॅकेज होतं, आपला जिल्हा त्यात होता. नोव्हेंबर २०२५ ला अवकाळी पावसानंतर १०००० कोटींचं पॅकेज आलं, सगळ्यांना सरसकट २२००० हेक्टरी. शेतात ३ इंचांहून जास्त गाळ बसला तर तो काढायला हेक्टरी १८००० वेगळे असतात, हे फार कमी लोक मागतात. पुढचे दर काय ते तलाठ्याला विचारा. पण हिशोब करून बघा, आपल्याकडे साधारण सव्वाचार वीघ्यांचा एक हेक्टर, म्हणजे २२००० चे झाले वीघ्याला ५२०० च्या आसपास. कपाशीच्या वीघ्याला बियाणं, खत, निंदणी धरून किती जातात ते तुमच्या वहीत बघा. मदत घ्यावी, हक्काची आहे, सोडू नये. पण तिच्या भरवशावर कांस बुजलेली ठेवू नये!

मदतीसाठी आत्ताच एका फाइलीत ठेवा:
- ७/१२ आणि ८-अ ची ताजी नक्कल
- तलाठ्याचा वावेतरचा (पेरणीचा) दाखला, पेरणी झाल्यावर लगेच घ्यायचा
- आधार, आधारला जोडलेल्या खात्याचं पासबुक
- सामाईक खातं असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र
- उभ्या पिकाचे फोटो, तारखेसकट

अर्ज गावातल्या ई-ग्राम सेंटरवर वीसीई (तिथला कॉम्प्युटरवाला) भरून देतो. मुदत कमी असते, २०२५ ला १५ दिवसांची होती, शहरात राहून शेती करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण यातच राहिले कारण बातमी कळली तोपर्यंत शेवटचे दोन दिवस.

पेरणीआधीची बाकीची कामं, सगळ्यांना माहीत आहेत, नुसती यादी देतो:
- कपाशी, तूर सरी-वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर
- कपाशीच्या दर ८-१० ओळींनंतर एक फूट खोल चर, उताराला
- बियाण्याला ट्रायकोडर्मा किलोला १० ग्रॅम
- सखल भागात भात लावत असाल तर स्वर्णा-सब१ सारखं वाण, ते बुडून दोन आठवडे तग धरतं
- केळीच्या बागेत बाहेरचा चर आतल्या चरापेक्षा खोल
- एरंडीचं थोडं बियाणं राखून ठेवा, जुलैत कपाशी गेली तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत एरंडी लावता येते

पाणी उतरल्यावर पहिलं काम चर मोकळे करणं, औषध नंतर. वाफसा येईपर्यंत शेतात ट्रॅक्टर घालू नका. पानं मलूल दिसायला लागली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कोबाल्ट क्लोराइड १ ग्रॅम १०० लिटर पाण्यात फवारायचं, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम अधिक युरिया २०० ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून बुंध्याजवळची माती भिजेल एवढं ओतायचं. झाड काळं पडल्यावर काही उपयोग नाही. झाड सावरलं की २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, किंवा १९:१९:१९ खताचे १०० ग्रॅम. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांना मिळते. याच वेळी ॲग्रोवाले हजार-हजारच्या टॉनिकच्या बाटल्या पुढे करतात, ह्युमिक, सीवीड, अमुक पॉवर. पाण्यात उभ्या झाडाला बाटलीने जीव येत नाही, माझ्या डोळ्यांसमोर एका पोराने २०२४ ला चार बाटल्या ओतल्या आणि चर नाही काढला. बिल उधारीवर होतं, ते त्याने दिवाळीत फेडलं. शंका असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, फुकट आहे.

यंदा टिटवीने आमच्या शेतात अंडी खाली सरीत नाही घातली, छेड्यावर उंचावर घातलीत. हवामान खात्याचा अंदाज मी रोज बघतो पण याच्याकडेही बघतो, आणि मला यंदा पाऊस एकदम येईल असं वाटतंय. आजवा सरोवर (त्याचं पाणी विश्वामित्रीत येतं) आणि काळ्या घोड्याची पातळी फोनवर बघत राहा. काळ्या घोड्याने २० फूट ओलांडले की मी मोटर, स्टार्टर आणि गुरं वर काढतो, कुणाच्या सूचनेची वाट बघत नाही. देव धरणातून पाणी सोडल्याचं कळलं तर डभोई, वाघोडियावाल्यांनी तेही मोजा. जिल्ह्याचा आपत्ती नंबर १०७७.

आणि पाणी चढायला लागल्यावर कुणीही कांस मोकळी करायला उतरू नका, रात्री तर अजिबातच नाही. विश्वामित्री, ढाढरच्या मगरी पुरात कांसेतून शेतापर्यंत येतात, गवतात दिसत नाहीत, आणि भिजलेल्या मोटारीचा करंट पाण्यात असतो. मगर दिसली तर वनखात्याला कळवायचं आणि लांब उभं राहायचं. फावडं चालवायचे दिवस हेच आहेत, कांस कोरडी आहे आणि पाइपाच्या आतपर्यंत टॉर्चने दिसतंय तोवर.