पाळकसाहेब नसलेल्या रविवारची उपासना

सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागात एकाच पाळकसाहेबांकडे, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंकडे, अनेक मंडळ्या (गावोगावचे ख्रिस्ती उपासक-समुदाय) सोपवलेल्या असल्या, की लहान मंडळीच्या वाट्याला त्यांचा महिन्यातला एखादाच रविवार येतो. तरुण कुटुंबे पुण्या-मुंबईकडे गेलेली असतात आणि उपासनेला मोजकी, बहुधा वयस्क माणसेच उरतात. अशा मंडळीत पाळकपदाची दीक्षा न घेतलेल्या ज्या सेवकावर वा सेविकेवर जबाबदारी येते, त्याने वा तिने आपल्या अधिकाराची मर्यादा आधी समजून घ्यावी. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर व द्राक्षारस वाटण्याचा, विधी दीक्षित पाळकांनीच चालवावयाचा असतो. विवाहाच्या बाबतीत तर १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो. अधिकार नसताना विवाह लावणाऱ्यास त्यात दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणून नात्यातल्यांनी कितीही आग्रह केला तरी नकारच द्यावा.

उपासनेची वेळ मात्र कधीही बदलू नये, आणि माणसे कमी आली म्हणून ती रद्द तर मुळीच करू नये. शास्त्रपाठ, म्हणजे वाचायचे बायबलमधील उतारे, शनिवारीच ठरवून दोन वाचकांना कळवावेत. त्यांपैकी एक शाळकरी मुलगा किंवा मुलगी असल्यास उत्तम. संदेश लांबवण्याची हौस आवरावी. पाळकसाहेबांनी लिहून दिलेला संदेश स्पष्ट वाचणे हे अर्धवट तयारीच्या प्रवचनापेक्षा केव्हाही बरे. पेटीवादक नसेल तर सर्वांना पाठ असलेली गीते टाळांवर म्हणावीत. १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी पुढे साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा येशूभक्तांचा संघ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. त्यांनी रचलेली भजने अशा छोट्या मेळ्यात विशेष शोभतात.

खरी कसोटी मृत्यूच्या प्रसंगी लागते. पाळकसाहेब दूरच्या गावी असतात, दफन त्याच दिवशी उरकायचे असते आणि घरचे लोक भांबावलेले असतात. त्यामुळे पाळकसाहेबांच्या गैरहजेरीत दफनविधी कोणी चालवावा, हे त्यांच्याकडून आधीच ठरवून घ्यावे, विधीची प्रत चर्चमध्ये ठेवावी आणि दफनभूमीतील जागांची नोंद अद्ययावत असावी. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी लागते, याची कुटुंबाला आठवण करून द्यावी. दफनानंतरच्या आठवड्यात त्या घरी पुन्हा जावे. पहिल्या दिवशीची गर्दी ओसरल्यावरच एकटेपणा जाणवू लागतो.

भेटींचा हाच नियम इतरांनाही लागू आहे. सलग दोन रविवार न दिसलेल्या माणसाच्या घरी जावे, पण गैरहजेरीचा जाब विचारण्याच्या सुरात बोलू नये. मिरजेच्या इस्पितळात कोणी दाखल असेल किंवा घरीच अंथरुणाला खिळून असेल, तर पाळकसाहेबांना तसे कळवावे, म्हणजे ते येताना प्रभुभोजनाची तयारी करून येतील.

दानार्पण दोघांनी मिळून मोजावे आणि त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनीही सही करावी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेखाली नोंदलेल्या मंडळीला हिशेबाची तपासणी करून घ्यावी लागते. पाळकसाहेब येतील त्या रविवारी ही वही, आजाऱ्यांची यादी आणि राहिलेल्या बाप्तिस्म्यांची माहिती त्यांच्यापुढे ठेवावी, आणि पुढील महिन्याचे शास्त्रपाठ त्याच बैठकीत ठरवून घ्यावेत.