तज्ज्ञांना दुसऱ्या बैठकीला बोलवा

लोकांची अशी बैठक पहिल्यांदा घेतली, तेव्हा मी सगळं उलटं केलं. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचं (पाण्यात विरघळलेल्या एका क्षाराचं) काय करायचं, हे लोकांना ठरवायचं होतं. मी थेट एका तज्ज्ञांना बोलावलं. ते पाऊण तास बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मागून एका बाईंनी विचारलं, "ते सगळं खरं हो, पण हे पाणी प्यायचं की नाही?" आम्ही दोघंही गप्प. त्या पाण्यात फ्लोराइड किती, हा आकडाच कुणी आणला नव्हता.

आता पहिली बैठक तज्ज्ञांशिवाय घेते. चार-पाच जणांचा एक गट करा, प्रत्येक गटाला कोरा कागद द्या आणि विचारा: काय कळलं तर तुमचं मत बदलेल? नुसतं 'शंका लिहा' म्हटलं की तक्रारींची यादी येते. पाण्याचा नमुना लोकांनाच भरू द्या. बाटली प्लास्टिकची घ्या, फ्लोराइड मोजायला काचेपेक्षा तीच बरी. अर्धं पाणी साध्या किटवर तपासा, अर्धं प्रयोगशाळेत पाठवा. आकडे जुळले नाहीत तर झाकू नका. मोजमापात चूक किती असू शकते, हे लोकांना तिथेच कळतं.

मग ते प्रश्न आणि आकडे तज्ज्ञांना आधी पाठवून दुसरी बैठक घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. थोडं फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवतं, जास्त झालं की दातांवर डाग पडतात, खूप जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं बिघडतात. म्हणजे 'चांगलं की वाईट' हा वाद निघाला, तर तो 'किती'वर आणा.

तज्ज्ञांना नुसते टक्के किंवा 'दुप्पट' असं मात्र बोलूच देऊ नका. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा दिला गेला. घाबरून कित्येक बायकांनी गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात ७,००० बायकांमागे एकीच्या जागी दोघी, एवढाच तो फरक होता. मी शंभर ठिपक्यांच्या सत्तर ओळींचा कागद भिंतीवर लावते आणि दोन ठिपके लाल करते. लोक उठून जवळ जातात, शोधतात. (ठिपके छापून घ्या. मी एकदा हाताने काढलेत.)

तज्ज्ञ गेल्यावर निर्णय लोकांनी घ्यायचा: फ्लोराइड काढणारी गाळणी, पाण्याचा दुसरा स्रोत की आहे तसंच. त्याच कागदावर फेरतपासणीची तारीख लिहा आणि बाटली कोण भरणार, त्याचं नावही.