चहातली साखर सोडताना गोड गोळी कशी वापरावी, आणि केव्हा थांबावी

मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी मेडिकलवर जा, गोड गोळ्यांच्या डब्या काउंटरवर समोरच दिसतात. बोटभर डबी, वरून दाबलं की एक गोळी कपात पडते आणि चमचाभर साखरेइतका चहा गोड होतो. घेणारे बहुतेक दोन प्रकारचे: शुगर निघालेले, आणि पोट कमी करायला निघालेले. डबी दोघांची एकच असली तरी हिशेब एक नाही.

माझं मत आधीच सांगते. साखर सुटेपर्यंत ही गोळी काठीसारखी धरावी. वजन उतरवायचं औषध म्हणून ती घेतली तर निराशाच पदरी येते. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही असंच सांगितलं: वजन आटोक्यात ठेवायला बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नका. साखरेच्या जागी गोडवा दिला तर थोड्या दिवसांच्या प्रयोगांत वजन जरासं उतरतं. पण वर्षानुवर्षांच्या पाहण्यांमध्ये तो फायदा टिकलेला दिसला नाही, उलट गोडवे घेणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. आता, ज्यांचं वजन आधीच वाढलंय तेच अशा गोळ्यांकडे वळतात, त्यामुळे कशामुळे काय झालं हे छातीठोक सांगता येत नाही. म्हणून ही शिफारस सशर्त आहे. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागूही नाही.

आधी किराण्याची यादी काढा

डबी विकत घेण्याआधी महिन्याला घरात किती साखर येते ते बघा. चार माणसांच्या घरात 5 किलो साखर संपत असेल तर माणशी रोज जवळपास 42 ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. म्हणजे चार माणसांना महिन्याला 3 किलो. त्यातच गूळ, बिस्किटं, कोल्ड्रिंक, पेढा, सगळं आलं.

मग चमचा तपासा. सपाट चमच्यात साधारण 4 ग्रॅम साखर बसते, शिगोशीग भरला तर दीडपट सहज होते. सपाट दोन चमच्यांचे पाच कप म्हटले तरी 40 ग्रॅम साखर, म्हणजे 160 कॅलरी. ऊसतोडीला पहाटे कोयता घेऊन निघणाऱ्या माणसाचं शरीर ती दुपारपर्यंत जाळून टाकतं. दुकानाच्या गादीवर, शाळेत किंवा कचेरीत बसणाऱ्याच्या अंगावर ती चढते. हा लेख मुख्यतः बसून काम करणाऱ्यांसाठी आहे.

साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केला म्हणजे वजन उतरेल, असं आपल्याकडे फार जण धरून चालतात. गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपास तेवढ्याच, आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. चव आवडते म्हणून घ्या, पण मोजून घ्या.

गोळी कुणी घ्यावी, कुणी नाही

शुगर असेल आणि गोड चहा काही केल्या सुटत नसेल तर गोळी उपयोगाची आहे. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने टाइप 2 मधुमेह असलेल्या 179 जणांचा 12 आठवडे अभ्यास केला. काहींना चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज हा बिनसाखरेचा गोडवा दिला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. वजन आणि कंबरेचा घेर किंचित उतरला, किलोभरही नाही. गोळीकडून अपेक्षा एवढीच ठेवा. औषध, भाकरीचं प्रमाण आणि चालणं यांना तिचा पर्याय नाही.

लहान मुलांना देऊ नका. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी एस्पार्टेम हा गोडवा टाळायलाच हवा. आणि ज्यांना शुगर नाही, फक्त वजन उतरवायचंय, त्यांनी डबी न घेता थेट चहातली साखरच हळूहळू कमी करावी.

पाकिटाची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला पान, फूल, ‘नॅचरल’ असं काहीही छापलेलं असतं. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत. घटकांच्या यादीत नावाऐवजी बऱ्याचदा नुसता आकडा असतो: 950 म्हणजे एसेसल्फेम पोटॅशियम, 951 एस्पार्टेम, 954 सॅकरिन, 955 सुक्रालोज, 960 स्टीव्हियातला गोडवा, 968 एरिथ्रिटॉल.

सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड आहे, एस्पार्टेम सुमारे 200 पट. त्यामुळे लागतं चिमटीच्याही अंशाइतकं, आणि गोडव्याच्या पावडरची पुडी भरायला बाकी काहीतरी घालावं लागतं. बऱ्याच पुड्यांत ते माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतं, आणि हे दोन्ही रक्तातली साखर वाढवतात. एका पुडीने फार बिघडत नाही, पण दिवसाला आठ-दहा रिकाम्या करणाऱ्याने हे बघायलाच हवं. स्टीव्हियाच्या पाकिटातही बऱ्याचदा एरिथ्रिटॉलच जास्त असतं. 2023 मध्ये अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आढळला. हा पदार्थ आपलं शरीर स्वतःही बनवतं, त्यामुळे सगळा दोष पुडीला देता येत नाही. तरी आधीच हृदयाचा त्रास असलेल्याने हा गोडवा टाळलेला बरा, असं मला वाटतं.

कॅन्सरची भीती फार जण विचारतात. जुलै 2023 मध्ये कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने एस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. त्या गटात पुरावा मर्यादित असलेले पदार्थ येतात. त्याच वेळी खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या घटकांच्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा पूर्वीचीच ठेवली: शरीराच्या दर किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला ती 2400 मिलिग्रॅम होते. एका गोळीत वीसेक मिलिग्रॅम एस्पार्टेम असतं. म्हणजे मर्यादा गाठायला दिवसाला शंभरावर गोळ्या लागतील.

घरचा चहा: आधी गोळी, मग तीही कमी

एस्पार्टेमची गोळी उकळत्या भांड्यात टाकू नका. उकळून तिची गोडी जाते, मग माणूस दुसरी टाकतो. चहा गाळून कपात घ्या, मग गोळी टाका. सुक्रालोज चहाच्या उकळीला टिकतं.

पहिल्या आठवड्यात दोन चमच्यांच्या जागी एक चमचा साखर आणि एक गोळी. पुढच्या आठवड्यात अर्धा चमचा साखर आणि एक गोळी. तिसऱ्या आठवड्यात नुसती गोळी. चौथ्यापासून गोळीचे दोन तुकडे करून अर्धीच. आलं, गवती चहा, वेलदोडा यांचं प्रमाण याच काळात वाढवा, फिकेपणा कमी जाणवतो. जीभ सरावते, फक्त दर दोन दिवसांनी जुन्या गोडीवर परत जाऊ नका. गोळी कायम ठेवली तर गोडाची ओढ तशीच राहते, आणि ती दुसरीकडून वाट काढते.

ती वाट बहुधा बिस्किटांच्या पुड्यातून जाते. ‘चहात साखर नाही ना, मग दोन बिस्किटं जास्त घेतली तर काय झालं?’ चार बिस्किटांत शंभरेक कॅलरी असतात, सहा चमचे साखरेइतक्या. ‘शुगर फ्री’ बिस्किटांतही मैदा आणि तेल तेवढंच. वजन उतरत नाही असं म्हणणाऱ्याने आधी हा पुडा बघावा.

टपरी आणि पाहुणचार

टपरीवर दूध, पत्ती, साखर एकाच पातेल्यात उकळतं. तयार गोड चहात गोळी टाकण्यात अर्थ नाही. ‘मामा, एक बिनसाखरेचा, वेगळा’ म्हणा. आता बहुतेक टपरीवाले देतात.

पाहुणचार जास्त अवघड. आपल्याकडे चहाला नाही म्हटलं की घरच्या माणसाला लागतं. ‘साखर नको म्हणजे काय पाहुणे, आमच्याकडचा चहा गोड नाही लागला व्हय?’ असं ऐकू येतंच. माझा अनुभव असा की नकार देण्याऐवजी विनंती चालते: ‘काकू, चहा घेणारच. साखर टाकायच्या आधी माझा अर्धा कप तेवढा बाजूला काढा.’ काकूंना चहा पाजल्याचं समाधान मिळतं. एका दिवसात चार घरी जायचं असेल तर प्रत्येक ठिकाणी बशीभरच घ्या.

सणाला पुरणात सुक्रालोज घालायच्या भानगडीत पडू नका. हरभऱ्याची डाळ, कणीक आणि तूप तिथे तसंच राहतं, चव मात्र जाते. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आंबील, भज्जी पोटभर खा आणि गोडाची पोळी खरी, पण अर्धी घ्या. कुंथलगिरीचा पेढा आला तर एकच, आणि त्या दिवशीच्या चहात काही नको.

खिशात खरी साखर ठेवा

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं. एकादशीच्या उपवासाला, वारीत, शेतात जेवण लांबल्यावर साखर एकदम उतरू शकते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, धडधडतं, माणूस असंबद्ध बोलतो. अशा वेळी गोड गोळी, स्टीव्हिया, डाएट कोल्ड्रिंक यांचा काडीचाही उपयोग नाही, कारण त्यांनी रक्तातली साखर वाढत नाही. साधारण 15 ग्रॅम साखर, म्हणजे सपाट चार चमचे, पाण्यात ढवळून प्यायला द्या, किंवा ग्लुकोज पावडर द्या. 15 मिनिटांनी रक्तातली साखर तपासा, 70 (mg/dL) च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. सावरल्यावर भाकरी किंवा पोळी खायला घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, एका कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.