छोट्या मालवाहू रेल्वेचे फोटो काढायला निघालात? या चुका टाळा

अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनियापोलिसहून आयोवातल्या डी मॉइनला आय-३५ महामार्गाने निघालं की साधारण अर्ध्या वाटेवर क्लिअर लेक येतं. तिथून पूर्वेला मेसन सिटीपर्यंत जेमतेम दहा मैलांची एक रेल्वे आहे, आयोवा ट्रॅक्शन. मूळ कंपनी १८९६ सालची. वर ६०० व्होल्ट डीसीची तार, तारेला टेकलेला ट्रॉलीचा दांडा आणि खाली शंभरी ओलांडलेली बाल्डविन-वेस्टिंगहाऊसची इंजिनं. केबिन मधोमध, दोन्ही बाजूंना उतरती नाकं. आपल्या बोरघाटात ज्यांना ‘खेकडा’ म्हणायचे ती इंजिनं १९२०च्या दशकाच्या शेवटी आली. खेकडे केव्हाच निवृत्त झाले, ही त्यांच्याही आधीची असून अजून वाघिणी, म्हणजे मालडबे, ओढतायत. प्रवासी गाडी १९३६लाच बंद झाली. आता सगळा कारभार कारखान्यांचा.

अमेरिकेत अशा छोट्या रेल्वे, म्हणजे शॉर्टलाइन, सुमारे ६०० आहेत. रेल्वेवरचे सरकारी निर्बंध सैल करणाऱ्या १९८०च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी नको असलेल्या शाखा विकायला काढल्या आणि त्यातून यांपैकी कित्येक उभ्या राहिल्या. बहुतेकींकडे डिझेल इंजिनं असतात, पण फोटो काढायला जाणाऱ्यांच्या चुका सगळीकडे सारख्याच. मेन लाइनवर हात बसलेली माणसं इथे येतात, दोन तास उभी राहतात आणि हात हलवत परत जातात.

शनिवारी जाणं

सुट्टी आपल्याला असते तशी कारखान्यालाही असते. शॉर्टलाइनचं प्रवाशांसाठी छापलेलं वेळापत्रक नसतं. गिऱ्हाइकाला वाघीण हवी असेल तेव्हा गाडी निघते, आणि ती बहुधा सोमवार ते शुक्रवार, दिवसाउजेडी. त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकएंडला मुलाबाळांसकट जाऊन ‘इथे काही चालत नाही’ म्हणणं हा त्या रेल्वेवर अन्याय आहे. एखाद्या शुक्रवारची रजा टाका.

वेळापत्रक शोधत बसणं

वेळापत्रक नसलं तरी कामाला क्रम असतो, तो वाचायला शिका. मोठी रेल्वे वाघिणी आणून देवाणघेवाणीच्या सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळांवर, सोडते. आयोवा ट्रॅक्शनच्या बाबतीत हे काम युनियन पॅसिफिक आणि सीपीकेसी (कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी) या मोठ्या कंपन्या करतात. छोट्या रेल्वेचं इंजिन त्या वाघिणी उचलतं, एकेका कारखान्याच्या दारात नेऊन लावतं, तिथल्या रिकाम्या किंवा भरलेल्या उचलतं आणि परत त्याच सायडिंगवर आणून ठेवतं. दिवसभराची गोष्ट एवढीच.

म्हणून पोहोचल्यावर पहिलं काम कॅमेरा काढणं नाही. सार्वजनिक रस्त्यावरून एक चक्कर मारा आणि सायडिंगवर काय उभं आहे ते बघा. वाघिणींची रांग असेल तर काम बाकी आहे. सायडिंग रिकामं असेल तर दोनच शक्यता: काल रात्री काही आलंच नाही, किंवा गाडी सकाळीच उचलून कारखान्यांकडे गेली. कोणती खरी, ते एमरी इथल्या आयोवा ट्रॅक्शनच्या इंजिन-शेडकडे बघून कळतं. तिथे कर्मचाऱ्यांच्या मोटारी उभ्या आहेत आणि एखादं इंजिन कमी दिसतंय, तर गाडी बाहेर आहे. सगळी इंजिनं शेडपाशी असून दांडे खाली बांधलेले असतील तर खुशाल नाश्त्याला जा. डिझेलवाल्या लाइनवर दांडा नसतो, तिथे इंजिन चालू असल्याचा आवाज कानाने टिपायचा.

एक फोटो काढून निघून जाणं

माझ्या मते ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. गाडी समोरून गेली, फोटो मिळाला, लोक मोटारीत बसतात. खरा तमाशा त्यानंतर सुरू होतो.

कारखान्याचं सायडिंग ज्या बाजूला उघडतं त्यावर सगळं अवलंबून असतं. गाडी पुढे जाऊन मग मागे वाघीण ढकलत आत घालता येत असेल तर काम सोपं. सांधा (रूळ फुटतात ती जागा) उलट्या तोंडाचा असेल तर इंजिन अडकेल, म्हणून आधी दुहेरी रुळांच्या जागी जाऊन इंजिन सुटं करायचं, वाघिणींना वळसा घालून दुसऱ्या टोकाला जोडायचं, मग ढकलायचं. या खटाटोपात एकच इंजिन एकाच क्रॉसिंगवरून तीन-चार वेळा जातं, दर वेळी वेगळ्या बाजूने आणि वेगळ्या वाघिणींसह. माणूस खाली उतरतो, सांध्याचा हात फिरवतो, वाघिणीच्या शिडीवर लटकून हाताने इशारे करतो. मेन लाइनवर हे बघायला मिळत नाही. शॉर्टलाइनचे चांगले फोटो इंजिनाचे कमी आणि या माणसांचे नि त्यांच्या कामाचे जास्त असतात. इंजिनाचा पाऊणबाजूचा पोर्ट्रेट-शॉट सगळ्यांकडे असतोच.

पाठलागही तितकाच निरर्थक. अशा बऱ्याच लाइन सर्वांत खालच्या वर्गाच्या रुळांवर चालतात आणि तिथे मालगाडीला ताशी १० मैलांची मर्यादा असते. सायकलवाला सहज पुढे जाईल. तरीही लोक खडीच्या रस्त्यावर धूळ उडवत मोटारी पळवतात आणि गाडी येण्याच्या घाईत शेतकऱ्याच्या वाटेवर आडवी लावतात. एक क्रॉसिंग पुढे जा, मोटार नीट लावा, वाट बघा.

उन्हाचा अंदाज मुंबईचा ठेवणं

क्लिअर लेक ते मेसन सिटी ही लाइन साधारण पूर्व-पश्चिम जाते. त्यामुळे वर्षातला बराच काळ ऊन दक्षिणेकडून येतं आणि इंजिनाची दक्षिण बाजू उजळते. पण जूनमध्ये सकाळी नवापर्यंत सूर्य लाइनच्या उत्तरेला असतो आणि संध्याकाळी साडेपाचनंतर पुन्हा उत्तरेला जातो. दक्षिणेला उभं राहून सकाळी आठला फोटो काढला की इंजिन काळं येतं आणि दोष लेन्सला मिळतो.

दुसरी सवय आपली खास देशी: भर दुपारचं ऊन फोटोला वाईट. डिसेंबरात मुंबईला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, मेसन सिटीला जेमतेम २३ अंशांवर. म्हणजे हिवाळ्यात तिथे दुपारी बारालाही ऊन तिरपंच असतं आणि चाकांपर्यंत पोहोचतं. ‘सोनेरी वेळ’ गाठायला पहाटे उठण्याची गरज नाही. जूनमध्ये मात्र दुपारी सूर्य ७० अंशांपर्यंत चढतो आणि उतरत्या नाकाखालची सगळी यंत्रणा सावलीत बुडते. त्या वेळी जेवून घ्यावं.

शटर मेन लाइनचं, तार फोटोशॉपमध्ये

ताशी १० मैल म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर. १/५०० ला गाडी एका सेंटीमीटरहूनही कमी सरकते. ढगाळ दिवशी १/२००० लावून आयएसओ वाढवत बसण्यात काही अर्थ नाही. उलट १/३० ला कॅमेरा गाडीबरोबर फिरवून बघा. इंजिन धारदार, मागचा कारखाना ओढलेला, आणि इतक्या संथ गाडीला वेग असल्याचा भास. चारात एखादाच जमतो, पण गाडी परत येणारच आहे. डिझेल शॉर्टलाइनवर दिव्यांच्या जागी फोटोत पट्टे उमटत असतील तर दिवे एलईडीचे आहेत. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा.

आयोवा ट्रॅक्शनवर आणखी एक गफलत होते. इंजिन दोन्हीकडून सारखंच दिसतं, त्यामुळे घरी आल्यावर गाडी येत होती की जात होती हे आठवत नाही. दांडा बघा. चालत्या गाडीवर तो मागे झुकलेला असतो, शंटिंगमधली थोडीशी उलट हालचाल सोडली तर. म्हणूनच दांडा कापून फ्रेम लावू नका. तार आणि दांडा मावत नसेल तर दोन पावलं मागे या. काही जण तर नंतर सॉफ्टवेअरने तारा आणि खांब पुसून टाकतात. विजेवर चालणाऱ्या रेल्वेच्या फोटोतून वीजच काढून टाकायची, यात काय सौंदर्य दिसतं कोण जाणे.

‘कोणी नाही, चला आत’

कुंपण नाही, पाटी नाही, रुळांत गवत वाढलंय. तरीही ती खासगी मालमत्ता आहे आणि रुळांवर पाय ठेवणं हा गुन्हा. रस्त्यावरून, पदपथावरून हवे तितके फोटो काढा. आतून हवे असतील तर कार्यालयात आधी विचारा. होकार आलाच तर जबाबदारीच्या कागदावर सही, चमकणारं जाकीट आणि भक्कम बूट लागतील.

कायदा बाजूला ठेवला तरी इथला धोका मेन लाइनपेक्षा वेगळा आहे. गाडी कित्येकदा ढकलली जाते. इंजिन मागे, तुमच्याकडे येणारी बाजू वाघिणीची आणि जवळपास निःशब्द. विजेचं इंजिन असेल तर धडधडही नाही. डबे रुळांच्या बाहेर तीन फूट किंवा जास्त येतात. बऱ्याच क्रॉसिंगवर फाटक नसतं, फक्त फुलीची पाटी. डोक्यावरची तार तर सतत जिवंत धरूनच वागा. मोनोपॉड उंच करून वरून फोटो काढण्याची हौस इथे नको. इंजिनाला किंवा वाघिणीला निळा झेंडा किंवा पाटी लावली असेल तर माणसं तिच्यावर किंवा खाली काम करतायत, तिथे घुटमळू नका.

क्रॉसिंगवरच्या निळ्या फलकाचा फोटो मात्र आधी काढून ठेवा. त्यावर आणीबाणीचा फोन नंबर आणि त्या क्रॉसिंगचा क्रमांक असतो. कोणाची मोटार रुळांवर अडकली तर तोच उपयोगी पडतो.

बाकीच्या, थोडक्यात

ऑगस्टमध्ये आयोवात मका डोक्यावरून जातो आणि एप्रिलमध्ये हेरून ठेवलेली जागा नाहीशी होते. बर्फात कॅमेरा सगळं राखाडी करतो, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. थंडीतून मोटारीत बसण्याआधी कॅमेरा पिशवीत घालून चेन लावा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. दुसरी बॅटरी अंगावरच्या खिशात.

रेल्वेचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला स्कॅनर नेत असाल तर राज्याचा नियम बघा. मिनेसोटात पोलिसांची फ्रिक्वेन्सी पकडणारा संच मोटारीत ठेवायला परवाना लागतो, हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारकांना सूट आहे. ड्रोन उडवण्याआधी नकाशा उघडा. मेसन सिटीचा विमानतळ नेमका दोन गावांच्या मध्ये आहे. १९५९च्या फेब्रुवारीत बडी हॉलीचं विमान इथूनच उडालं होतं.

गाडीवरच्या माणसांना हात करा, बहुतेक वेळा उलट हात येतो. केबिनमध्ये बसवा म्हणून मागे लागू नका. त्यांची नोकरी जाऊ शकते. आणि ‘रोज दहाला अमुक क्रॉसिंगवर’ असं त्यांच्या चेहऱ्यासकट ऑनलाइन टाकू नका.

घरी आल्यावर फोटोंना नावं देताना इंजिनाच्या क्रमांकाबरोबर वाघिणींवरची अक्षरंही लिहा. शेवटचं अक्षर एक्स असेल तर ती वाघीण कोणत्याही रेल्वेची नाही, भाड्याने देणाऱ्या कंपनीची किंवा कारखान्याची स्वतःची. टाकीवरच्या चौकोनी फलकात चार आकडी क्रमांक दिसला तर तोही टिपा. १०७५ म्हणजे एलपीजी, १९८७ बहुधा इथेनॉल. कोणत्या कारखान्यात काय येतं आणि काय जातं ते अशा नोंदींवरूनच समजतं, आणि पुढच्या खेपेला कोणत्या क्रॉसिंगवर थांबायचं तेही.