ठासणीची बंदूक भरताना आणि धुताना

पाटण आणि जावळी या भागांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायची, बंदूक अजूनही काही घरांत आढळते. बार न पेटणे, तो उशिरा उडणे किंवा नळीला गंज चढणे या तिच्याविषयीच्या तक्रारी बहुधा भरण्यातल्या वा धुण्यातल्या हयगयीतून निघतात. पुढील रीत परवानाधारकाने सुरक्षित जागी, मागे मातीचा उंच बांध असलेल्या निशाणावर बार काढण्यापुरती आहे. रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी लागते.

प्रथम रिकाम्या नळीत गज (बार ठासण्याची काठी) तळाला टेकवून त्यावर तोंडाशी खूण करावी आणि योग्य बार भरल्यावर दुसरी खूण करावी. पुढे कधी भरताना ही दुसरी खूण तोंडाच्या वर राहिली, तर एकतर गोळी दारूवर बसलेली नाही किंवा आत जुना बार तसाच आहे, असे समजावे. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिल्यास नळी फुगते, प्रसंगी फुटते; म्हणून मला या दोन खुणा नेमापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. दारू काळीच वापरावी, काडतुसातील धूररहित दारू कधीही नाही. ती दारू साठवण्याच्या शिंगातून थेट न ओतता मापाने घालावी, कारण नळीत विझायची राहिलेली ठिणगी शिंगापर्यंत पोहोचू शकते. रायफलच्या नळीत आटे (आतील पेचदार खाचा) असल्याने गोळीभोवती तेलाची सुती चिंधी लागते.

चकमकीच्या बंदुकीत गारगोटी चामड्याच्या तुकड्यात घट्ट धरावी आणि कानाशेजारच्या (नळीत ठिणगी जाण्याच्या छिद्राशेजारच्या) वाटीत बारीक रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, थोडीच घालावी. कानात रंजक ठासली तर ती वातीसारखी जळते आणि बार रेंगाळतो. ठिणगीसाठी स्फोटक टोपी वापरणाऱ्या टोपीच्या बंदुकीला ही अडचण नाही. निपलवर (टोपी बसवायच्या पोकळ बोंडावर) टोपी नीट बसली की पुरे, मात्र ती सर्वांत शेवटी, नळी निशाणाकडे असताना बसवावी. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर किमान एक मिनिट नळी निशाणाकडेच ठेवावी.

धुण्याचे काम त्याच दिवशी उरकावे. काळ्या दारूची राख हवेतील ओल ओढते, आणि कोयनेच्या खोऱ्यातील पावसाळ्यात एका रात्रीतही नळी तांबूस होऊ शकते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून गरम पाण्यात भिजवलेल्या चिंध्या, त्या स्वच्छ निघेपर्यंत, फिरवाव्यात. मग नळी कोरडी करून तेलाचा हलका हात द्यावा. केवळ तेलाने ही राख निघत नाही, हे अनेकांना नळी खराब झाल्यावर कळते.

पुढच्या वेळी भरण्यापूर्वी तेल पुसावे. टोपीची बंदूक असल्यास रिकाम्या नळीचे तोंड, सुरक्षित दिशा पाहून, गवताच्या पात्याजवळ धरून नुसती टोपी फोडावी. पाते हलले तर निपलची वाट मोकळी आहे.